रांगेत शेवटची

मला राग चटकन येतो. शेवगावला माहेरी आई म्हणायची, ‘ह्या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेलाच असतो, हाकलावा लागतो.’ अशा बाईला मतिमंद मुलांच्या शाळेत नोकरी कुणी दिली, असं माझी नणंद दर दिवाळीला विचारायची. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आमच्या पाटीवर ‘मतिमंद’ हाच शब्द होता, आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नसे. नगरला दिल्लीगेटपासून चार पावलांवर शाळा, तीन खोल्या आणि एक पडवी. रिक्षावाल्याला शाळेचं नाव सांगितलं की तो म्हणायचा, ‘येड्यांची शाळा व्हय?’ मग त्याचं माझं जुंपायचं. उतरून चालत गेलेय मी कितीदा तरी.

पण गंमत सांगते, त्या मुलांवर मला कधी राग आला नाही. राग यायचा तो बाकीच्या शहाण्यासुरत्या जगावर.

आमची शिकवायची पद्धत म्हणजे पायऱ्या पाडणं. कुठलीही गोष्ट घ्यायची आणि तिचे इतके बारीक तुकडे करायचे की मुलाला एका वेळी एकच तुकडा उचलावा लागेल. हात धुण्याच्या नऊ पायऱ्या होत्या. शर्टाचं एक बटण लावायच्या पाच. प्रत्येक मुलाची एक वही, वहीत पायऱ्यांचा तक्ता आणि रोज बरोबर-चूक अशा खुणा. मग शाळांमध्ये मूल्यशिक्षणाचं वारं आलं. खरं बोलणं, दुसऱ्याचा विचार करणं, सार्वजनिक ठिकाणी नीट वागणं. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘ह्याच्याही पायऱ्या पाडा.’ मी म्हटलं, पाडते की! सहा महिन्यांत मी चांगुलपणाच्या इतक्या पायऱ्या पाडल्या की विचारू नका.

त्यातली एक, म्हाताऱ्या माणसाला बसमध्ये जागा द्यायची. वर्गात दोन रांगांत खुर्च्या मांडल्या, मी कंडक्टर झाले, एका मुलाला आजोबा केलं आणि त्याच्या हातात पडवीतली काठी दिली. आजोबा काठी टेकत आले की खुर्चीवरच्यानं उठायचं आणि ‘बसा आजोबा’ म्हणायचं. झकास जमलं. पुढं खऱ्या बसमध्ये आमची एक मुलगी टुणकन उठली आणि हवालदाराला म्हणाली, ‘बसा आजोबा.’ हवालदार तिशीचा, मिशा पिळलेल्या, हातात लाठी. मुलीनं पाठ केली होती ती काठी. म्हातारपण मी शिकवलंच नव्हतं. अख्खी बस हसली. हवालदार मात्र बसला हं, आणि म्हणाला, ‘बाई, कुणी तरी मान दिला.’

ती मुलगी म्हणजेच ह्या गोष्टीतली मुलगी. सोळा वर्षांची, ठेंगणी, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. पाच वर्षं माझ्या वर्गात होती. बोलायची एक-दोन शब्दांत, पण काय ते नेमकं. मी एकदा घाईत खिडकीतून पिशवी टाकून एसटीत जागा धरली, तर ही शेजारी उभी राहून म्हणाली, ‘बाई, चूक.’ झालं! दुसऱ्यांचं जाऊ द्या, त्या दिवसापासून ती बरोबर असली की मीसुद्धा पिशवी खांद्यावरच ठेवायला लागले. एक नियम एकदा तिच्या मनात गेला की दगडावरची रेघ. मला ती लई आवडायची. लपवायचं काय त्यात?

घर तिचं नागापूरला. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर, आई दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला. बौद्ध कुटुंब, घरात शिक्षणाला फार मान. वडील पालकसभेला कधी चुकले नाहीत. पहिली पाळी संपवून, हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, वहीतल्या खुणा एकेक करून बघायचे आणि माझ्याशी अगदी शुद्ध, जपून बोलायचे. पोरगी शाळेत यायची ती एका रिक्षातून, आणखी चार मुलांबरोबर. त्या पावसाळ्यात रिक्षावाल्यानं सांगितलं, ‘बाई, दिवाळीनंतर मी न्हाई. गावाकडं जामखेडला दुकान टाकतोय.’ बाकीच्या चौघांचं काही ना काही जमलं. हिचं जमेना. आईबाप दोघं कामावर, दुसरा रिक्षावाला एका मुलीसाठी नागापूरला जायला तयार नाही. वडील म्हणाले, ‘मग काय, घरीच बसवावं लागेल.’ घरी बसवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. दाराला बाहेरून कडी, आत एकटी पोर, आणि पाच वर्षांत शिकलेलं सगळं वर्षाच्या आत पुसून जाणार. अशी दोन मुलं मी गमावली होती.

मी म्हटलं, ‘ती सिटी बसनं येईल. एकटी येईल. मी शिकवते.’ बोलून तर बसले!

लागले कामाला. सकाळी मी आधी नागापूरला जायची, तिच्या आईकडून तिला थांब्यावर घ्यायची आणि बसनं दिल्लीगेटपर्यंत आणायची. बसचा पास काढला, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला. आमची बस कुठली, पास कधी दाखवायचा, दिल्लीगेटची कमान दिसली की उठायचं, सगळ्या खुणा महिन्याभरात बरोबर आल्या. थांब्यावरच्या शिस्तीची तर काळजीच नव्हती, रांगेचा धडा तिला शाळेतच पाठ झाला होता. वर्गात सगळ्यात चांगली रांग हिचीच.

मग तो दिवस आला. आईनं तिला थांब्यावर सोडायचं आणि कामावर जायचं, मी दिल्लीगेटला उभी. दहा वाजताची गाडी आली, ती उतरली नाही. म्हटलं, चुकली असेल, येईल पुढच्या गाडीनं. पुढची आली, तीही रिकामी. म्हणजे माणसांनी भरलेली, पण माझ्यासाठी रिकामीच. तिसरीतूनही ती उतरली नाही. कुठं उतरली असेल? कुणी नेली असेल? सोळा वर्षांची मुलगी, कुणीही गोड बोलून हात धरला तर जाणारी. शाळेत मुलांना उसळ करून वाढणाऱ्या मावशींना वर्ग सांभाळायला सांगितलं, मिळाली ती रिक्षा धरली आणि देवाला जे जे बोलायचं ते बोलत नागापूरला गेले.

ती थांब्यावरच उभी होती. उन्हानं तोंड लालबुंद, दप्तर पोटाशी धरलेलं, पास गळ्यात. मला बघून हसली. शेजारचा चहाटपरीवाला धावत आला. ‘बाई, तुमची हाय का ही? सकाळधरनं उभी हाय. चार गाड्या गेल्या हिच्यापुढनं. गाडी आली की बाजूला सरती आन् समद्यांना म्हनती, आधी तुमी. मानसं काय, चढत्यात की! मी म्हनलो बस की गं बाई आता, तर मलाबी म्हनती, आधी तुमी.’

आणि ती माझा हात धरून म्हणाली, ‘बाई, मी ढकललं नाही.’

केवढी खुशीत होती! शाबासकी मागत होती माझ्याकडं. मला रडू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ राग. थांब्यावर जी काय दहा-बारा माणसं उभी होती त्यांना मी उभं-आडवं घेतलं. लाजा नाहीत का, एक पोरगी वाट देतेय तर तिच्या अंगावरून चढता, आईबापांनी काही शिकवलं का नाही? त्यातली निम्मी बिचारी नुकतीच आली होती, त्यांना कळेना की ही बाई कशानं पिसाळली. टपरीवाल्यानं मला पाणी दिलं.

रिक्षात बसल्यावर डोकं ताळ्यावर आलं. महिनाभर मी तिच्याबरोबर होते, पण गर्दीतून चढताना माझा हात तिच्या पाठीवर असायचा. तो हात मी कुठल्याच पायरीत धरला नव्हता.

मग मी एक मूर्खपणा केला. ठरवलं, आता हिला घुसायला शिकवायचं. जग जसं आहे तसं शिकवू! वर्गात खुर्च्यांची बस मांडली आणि सगळ्यांना सांगितलं, आता कोपर असं बाहेर काढायचं आणि मुसंडी मारायची. बाकीच्यांना कसला आनंद! असा धडा त्यांना कुणी कधी दिला नव्हता. दोन दिवसांत शाळेचा पार आखाडा झाला. मधल्या सुट्टीत मटकीच्या उसळीचं पातेलं आडवं झालं, मावशींनी पळी आपटली, ‘बाई, तुमास्नी काय खूळ लागलं का?’ म्हणून मला सगळ्यांदेखत विचारलं. आणि त्या गोंधळात ती भिंतीशी, दोन्ही कानांवर हात घेऊन उभी. ‘चूक, चूक, चूक,’ म्हणत होती. मी तो धडा तिथंच गुंडाळला.

दिवाळीची सुट्टी दोन आठवड्यांवर आली होती. मी हात टेकले. म्हटलं, वडिलांना खरं काय ते सांगून टाकावं. रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर पुस्तकं. मुलगी आईबरोबर विहारात गेली होती. वडिलांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसले. मी सगळं सांगितलं आणि शेवटी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, ‘तुमची मुलगी फार गुणी आहे हो. गुणी आहे म्हणूनच हे होतंय. बाकीची मुलं रांगेत भांडतात, मी पुढं मी पुढं करतात. हिला मी कायम शेवटी उभी करते. पाच वर्षांत एकदासुद्धा तक्रार केली नाही तिनं.’

 ते बोलले तेव्हा शुद्ध, जपलेली भाषा कुठच्या कुठं गेली होती.

‘माझी आय आडावर पान्याला जायाची, बाई. आडाला हात लावायचा न्हाई. घागर घिऊन कडंला उभं ऱ्हायाचं. समद्यांचं भरून झालं की मग कुनाला दया आली तर वरनं वतायचे. कधी वतायचे, कधी न्हाई. तीबी लई गुनी हुती. तिनंबी कधी तक्रार केली न्हाई.’

 मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. मी काय जात बघून उभी केली होती का तिला? मी! पण तो माणूस मला असं काही म्हणतच नव्हता. त्यांचा आवाजसुद्धा चढला नव्हता.

‘रांग शिकवा तिला,’ ते म्हणाले. ‘रांग चांगलीच हाय. आमच्या मानसांना रांग मिळाली हेच लई झालं. पर रांगेत आपलाबी नंबर येतो, ह्ये शिकवा.’

तेवढ्यात मायलेकी आल्या. पोरीनं मला बघून ‘बाई!’ म्हणून उडीच मारली, आईनं चहा ठेवला. चहा कसा झाला होता ते मला आठवत नाही.

घरी आल्या आल्या तिची वही काढली. रांगेचं पान उघडलं. माझ्याच सुवाच्य अक्षरात चार पायऱ्या. रांगेच्या शेवटी जाणे. पुढच्याच्या मागे उभे राहणे. न ढकलणे. पुढच्याला आधी जाऊ देणे. बस्स, संपलं. खाली बरोबरच्या खुणाच खुणा. मग आपण जायचं, आता आपली पाळी, हे मी लिहिलंच नव्हतं. इतरांना ते लिहून द्यावं लागलं नाही, त्यांना भूक लागली की ते आपोआप जात. आणि हिला मी शेवटी उभी करत आले, ती माझ्या सोयीसाठी. शेवटच्या मुलानं गडबड केली नाही की रांग नीट दिसते, म्हणून. ती माझ्यासाठी शांत राहत होती आणि मी त्याला गुण म्हणत होते. रात्रभर मला माझीच चीड येत राहिली.

सोमवारी मी लाल पेनानं पाचवी पायरी लिहिली. ‘माझा नंबर’ म्हणणे आणि जाणे.

लिहिणं सोपं होतं. मधल्या सुट्टीत तिला रांगेत पहिली उभी केली, तर ती मुकाट निघून शेवटी गेली. परत आणली, परत गेली. तिसऱ्यांदा हात धरून ठेवला तर रडायलाच लागली. चोरी करायला लावावी तसा चेहरा झाला होता तिचा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मावशींनीच मला बाजूला केलं. मावशी चौथी शिकलेल्या, पण मुलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायची. त्यांनी पळी पातेल्यात उभी केली, पातेल्यावर ताट झाकलं आणि कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, ‘आज पयला नंबर हिचा. ही तोंडानं म्हनल्याबिगर कुनाला उसळ न्हाई. मला बी घाई न्हाई.’

मुलं भुकेजलेली. आधी आरडाओरडा, मग कुरकुर, मग सगळे तिच्याकडं बघत गप्प बसले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ओठ चावून उभी राहिले. पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात तिनं वेणीची रिबीन सोडली, बांधली, परत सोडली. मग अगदी पुटपुटल्यासारखं आलं, ‘माझा नंबर.’

‘आयकू न्हाई आलं,’ मावशी म्हणाल्या.

‘माझा नंबर!’

काय टाळ्या पडल्या, काय टाळ्या! त्या टाळ्यांची तिला चटकच लागली. पुढं आठवडाभर ती येता-जाता तेच म्हणायची. प्रार्थनेला म्हणायची, नळावर म्हणायची, मोठ्या बाईंच्या खोलीत डॉक्टर आले होते तर त्यांना म्हणाली. मी कुणाला रागवू दिलं नाही. कितीदा म्हणायचं ते म्हणू दे!

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी मी नागापूरला टपरीच्या मागं लपले. टपरीवाल्याला सगळं सांगून ठेवलं होतं, तोही माझ्याइतकाच कासावीस. तिच्या आईनं तिला सोडलं, दोनदा मागं वळून बघितलं आणि ती कामावर गेली. गाडी आली. सुट्टीनंतरचा दिवस, गर्दी ही एवढी! दाराशी झुंबड उडाली. पोरगी बाजूला सरकली. एकजण चढला, दुसरा चढला, एक बाई पोराला काखोटीला मारून चढली. ‘आधी तुम्ही,’ ती म्हणत होती.  टपरीवाला दातओठ खात म्हणाला, ‘जा की माझे बाई, जा की.’

तिनं वर्गात करतात तसा हात वर केला. ‘माझा नंबर!’

असा खणखणीत आवाज की गाडीतली माणसं खिडकीतून वाकली. खताचं पोतं खांद्यावर घेतलेला एक दांडगा गडी पायरीवर पाय ठेवून होता, त्यानं दचकून पाय मागं घेतला. ‘व्हय व्हय, जा ताई,’ म्हणाला. ती चढली. एका पायरीवर दोन्ही पाय, मग दुसऱ्या पायरीवर दोन्ही पाय, काही घाई नाही. अख्खं नागापूर तिच्या मागं खोळंबलं होतं. ती कंडक्टरला पास दाखवत होती तेव्हा मला तिची रिबीन दिसली, आणि गाडी सुटली.

मी त्याच गाडीनं जायचं ठरलं होतं. पण मी टपरीला धरून रडत होते, आणि टपरीवाला मला चहा घ्या, चहा घ्या करत होता. पुढच्या गाडीला अर्धा तास लागला. दिल्लीगेटला उतरून शाळेपर्यंत मी पळतच गेले.

ती पडवीच्या दारात उभी होती. आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्यानं त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या मागं उभं राहायचं, असा नियम होता, आणि तो मीच केला होता. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘बाई, उशीर.’

मधल्या सुट्टीत तिनं दंडाला धरून मला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं आणि स्वतः पुढं निघून गेली. माझ्यापुढं सतरा डोकी. त्या जागेवरून मावशी दिसत नव्हत्या. पातेलं दिसत नव्हतं. उसळ उरली आहे की संपली, काही कळत नव्हतं, फक्त पळीचा आवाज यायचा. इथं मी तिला पाच वर्षं उभी केली होती. माझे डोळे परत भरून आले, आणि ते तिला वाटी घेऊन परत येताना दिसले. ती थांबली, वाटी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं माझी पाठ थोपटली.

‘येतो नंबर, बाई,’ म्हणाली.